५६ जीबीचे धडे आणि डॉलरचं चिन्ह

चाळीस धडे, एकूण बारा तास आणि फाइल्सचं वजन ५६ जीबी. मॅडमनी हार्ड डिस्क माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "क्वालिटी थोडी गेली तरी चालेल, पण हे लोकांच्या मोबाइलवर उतरलं पाहिजे." मी मान डोलावली. पुढचे कितीतरी दिवस मी बहुतेक या एका वाक्याशीच भांडत होतो.

धडे स्प्रेडशीटचे. पडद्यावर रकाने, ओळी, वर सूत्रांची पट्टी, माउसचा बाण आणि मॅडमचा आवाज. काही धड्यांत कोपऱ्यात कॅमेऱ्यातून दिसणारा त्यांचा चेहरा. शिकणारे बहुतेक मोबाइलवर बघणारे. कुणाचा फोन जुना, कुणाचा डेटा मोजका. अठरा मिनिटांचा एक धडा जवळपास १.४ जीबीचा. एवढी फाइल उतरेपर्यंत शिकायचा उत्साह कुठे टिकणार!

माझ्याकडे येण्याआधी मॅडमनी दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. पहिली म्हणजे फाइल्स झिप करणं. काही उपयोग झाला नाही आणि होणारही नव्हता. व्हिडिओ रेकॉर्ड होतानाच दाबलेला असतो, झिपला त्यात पिळायला काही उरत नाही. दुसरा प्रयत्न मोबाइलवरच्या एका ॲपचा. त्यात '४८०पी' निवडलं, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती खर्चायची तो आकडा, १ मेगाबिटवर ठेवला आणि १.४ जीबीचा धडा १५० एमबीवर आला. नवव्या हिश्शाच्या आसपास. सगळे खूश. असे पाच धडे करून चाचणीसाठी काही जणांना दिले.

दुसऱ्या दिवशी एकाचा निरोप आला. "मॅडम, सूत्रात ए च्या आधी आणि नंतर एस आहे का? मी तसंच टाइप केलं, पण चूक दाखवतंय."

तो एस नव्हता, डॉलरचं चिन्ह होतं. आणि तो धडा नेमका त्या चिन्हाचाच होता: सूत्र दुसऱ्या चौकटीत कॉपी केलं तरी संदर्भ जागचा हलू नये म्हणून डॉलर कुठे लावायचा, एवढंच अठरा मिनिटं सांगितलेलं. व्हिडिओत सगळं होतं. जे शिकवायचं होतं तेवढंच दिसत नव्हतं.

कारण साधं आहे. मूळ व्हिडिओच्या १९२० बाय १०८० च्या चौकटीत सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, ८५४ बाय ४८० मध्ये ४.१ लाख. म्हणजे पाचातले चार ठिपके टाकून दिले. डोंगर, नदी, माणसाचा चेहरा असल्या चित्रात ते खपून जातं, कारण उरलेलं डोळा भरून काढतो. पण आठ-नऊ ठिपक्यांच्या रुंदीत बसलेलं अक्षर चार ठिपक्यांत कोंबलं की डॉलरमधली उभी रेघ पहिली जाते आणि मागे एस उरतो. अर्धविराम आणि अपूर्णविराम यांचीही तीच गत. स्प्रेडशीटमध्ये चुकीचं चिन्ह म्हणजे चुकीचं सूत्र.

तेव्हा मी पहिली अट लिहून ठेवली: सूत्रांच्या पट्टीतलं प्रत्येक चिन्ह जुन्या फोनवर, फोन आडवा धरून, न झूम करता वाचता आलं पाहिजे. बाकी काय जायचं ते जाऊ दे.

मूळ फाइल्समध्ये काय आहे ते पाहायला मीडियाइन्फो उघडलं, व्हिडिओ फाइलचा तपशील दाखवणारा प्रोग्राम. खरं तर सुरुवात इथूनच व्हायला हवी होती. चित्राचा बिटरेट सेकंदाला १०,००० किलोबिट, प्रकार 'कॉन्स्टंट', म्हणजे सतत तेवढाच. सेकंदाला ६० फ्रेम्स, म्हणजे ६० चित्रं. आवाज ३२० किलोबिट, स्टिरिओ.

हिशेब कागदावर मांडला. १०,००० किलोबिटला ८ ने भागलं की सेकंदाला १.२५ एमबी. मिनिटाला ७५. अठरा मिनिटांना १,३५० एमबी, वर आवाजाचे ४३. झाला १.४ जीबी. या गणितात रेझोल्यूशन कुठेच येत नाही, पडद्यावर काय चाललंय तेही येत नाही. मॅडम अठरा मिनिटं कोऱ्या पानासमोर गप्प बसल्या असत्या तरी फाइल तेवढीच झाली असती.

हे कुठून आलं ते विचारल्यावर कळलं. पूर्वी त्या थेट वर्ग घ्यायच्या, तेव्हा कुणीतरी रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये हा ठरावीक बिटरेट बसवून दिला होता. थेट प्रक्षेपणात तो सोयीचा असतो, कारण नेटवर्कला एकसारखा प्रवाह बरा पडतो. दाखवायला काही नवं नसलं तरी एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, ठरलेले बिट कुठेतरी खर्चून टाकतोच, कुणाला न दिसणाऱ्या बारकाव्यांवरही. वर्ग संपले, सेटिंग तसंच राहिलं आणि चाळीस धडे त्याच साच्यातून निघाले.

म्हणजे ५६ जीबीमधला मोठा भाग 'क्वालिटी' नव्हताच. तो गेला असता तर कुणाला कळलंही नसतं.

इथे व्हिडिओ दाबला कसा जातो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर आहे. एन्कोडर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. मधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतो, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं तेवढं लिहितो. बदललं नसेल तर 'मागचंच घ्या' अशी खूण, जिचा खर्च जवळजवळ शून्य. स्प्रेडशीटच्या धड्यात बहुतेक वेळ फक्त बाण हलतो आणि एखादी चौकट भरते. इतकं स्वस्त चित्र क्वचितच मिळतं. तेव्हा एन्कोडरला 'सेकंदाला इतके बिट खर्च कर' असं सांगण्याऐवजी 'दर्जा इतका ठेव, खर्च तुझा तू बघ' असं सांगायला हवं होतं.

ती सोय एक्स२६४ या एन्कोडरमध्ये (एच.२६४ या पद्धतीने व्हिडिओ दाबणाऱ्या) सीआरएफ नावाने आहे. नेहमीच्या वापरात आकडा ० ते ५१, काही सांगितलं नाही तर २३. आकडा लहान तेवढा दर्जा वरचा. सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते, सहाने कमी केला की दुप्पट. मी आज्ञा टाइप करून चालवायचा एफएफएमपेग हा प्रोग्राम वापरला, पण ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायचा कंटाळा आहे त्यांना हेच सगळं हँडब्रेक या बटणांवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये 'कॉन्स्टंट क्वालिटी'च्या पट्टीवर मिळतं.

चाळीस धड्यांवर प्रयोग करत बसलो नाही. तीन धड्यांतून तीन-तीन मिनिटांचे तुकडे काढले: एक नुसत्या टायपिंगचा, एक भरपूर स्क्रोलिंगचा, एक डॉलरच्या धड्यातला. प्रत्येक तुकडा २०, २३, २६ आणि २९ वर काढला, सगळे १०८०पीच ठेवून. पाहिले मात्र फोनवर. माझ्या मोठ्या मॉनिटरवर मला २६ मध्येही अक्षरांभोवती बारीक केसाळपणा दिसत होता, फोनवर तो जवळजवळ दिसेना. २९ वर तो फोनवरही दिसू लागला, विशेषतः राखाडी रेघांजवळ. मी २३ वर थांबलो. २६ ने आणखी थोडं वाचलं असतं, पण काही जण लॅपटॉपवरही बघणार होते आणि आकडे आधीच इतके खाली आले होते की तेवढ्यासाठी कंजुषी करावीशी वाटेना.

किती खाली? चित्र सरासरी २५० किलोबिटच्या आसपास. दहा हजारांवरून अडीचशे. पहिल्यांदा मला वाटलं आज्ञा लिहिताना काहीतरी चुकलं. दोनदा तपासलं.

आवाजाचा निर्णय पाच मिनिटांत झाला. एकाच माइकचा आवाज, डाव्या-उजव्या बाजूला तंतोतंत तोच. मोनो म्हणजे एकेरी केला, एएसी या आवाज दाबायच्या पद्धतीत ६४ किलोबिट. बोलण्याला ते पुष्कळ होतं. ओपस ही दुसरी पद्धत याहून कमी बिटरेटमध्ये चांगलं बोलते, पण एमपी४ मध्ये घातलेलं ओपस जुन्या फोनवर वाजेलच असं नाही. एक गंमत इथे लक्षात आली. मूळ फाइलमध्ये आवाजाचा वाटा तीन टक्के होता, नव्या फाइलमध्ये तो पाचवा हिस्सा झाला. चित्र एवढं हलकं झालं की एरवी ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो आवाज वजनात दिसू लागला. तो ३२० वरच ठेवला असता तर चित्रापेक्षा आवाजच जड झाला असता.

फ्रेम्सच्या बाबतीत माझा अंदाज साफ चुकला. सेकंदाला ६० च्या १५ केल्या की फाइल पाव होईल असं मनात होतं. तसं काही झालं नाही, फरक अगदी किरकोळ पडला. विचार केल्यावर कळतं का ते: टाकून दिलेल्या फ्रेम्स बहुतेक 'मागचंच घ्या'वाल्याच होत्या, त्यांचा खर्च मुळातच नव्हता. तरी १५ ठेवल्या, कारण एन्कोड करायला वेळ कमी लागला आणि जुन्या फोनवरचा भारही कमी झाला. अपवाद सहा धड्यांचा. त्यात चौकटीचा कोपरा धरून खाली ओढायचं दाखवलं होतं, किंवा लांबलचक तक्ता सरकवत नेला होता. १५ वर तो बाण उड्या मारत जायचा आणि नेमका कुठे धरला ते समजायचं नाही. तिथे ३० केल्या.

फ्रेम्स कमी करण्याचा एक परिणाम मात्र मी धरलाच नव्हता. एक्स२६४ मध्ये दोन कीफ्रेम्समधलं जास्तीत जास्त अंतर काही सांगितलं नाही तर २५० फ्रेम्सचं असतं. सेकंदाला ६० असताना ते चार सेकंदांच्या जरासं वर, १५ असताना जवळजवळ सतरा सेकंद. बरेच प्लेअर मागे जाताना जवळच्या कीफ्रेमवरच उतरतात. शिकणारा 'दहा सेकंद मागे' दाबतो आणि भलतीकडेच पोचतो. शिकवणीच्या व्हिडिओत मागे जाणं ही अडचण नाही, ती बघायची पद्धतच आहे. मग कीफ्रेम्स जवळ आणायच्या? पण स्थिर पडद्याच्या व्हिडिओत खरा खर्च त्यांचाच असतो. समजा एक पूर्ण फ्रेम १५० केबीची. दर दहा सेकंदांना एक ठेवली तर सेकंदाला १५ केबी, म्हणजे १२० किलोबिट, नुसता तिचाच. दर पाच सेकंदांना ठेवली तर दुप्पट. मी दहा सेकंदांवर तडजोड केली. आकडा फ्रेम्समध्ये द्यायचा असतो, म्हणून १५ च्या धड्यांना १५० आणि ३० च्या धड्यांना ३००. हे विसरलो असतो तर फाइल आणखी लहान झाली असती आणि वापरणाऱ्याने मला शिव्या घातल्या असत्या.

कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, कोणता, हा प्रश्न सगळ्यात चवीने चघळला जातो. इथे तो लवकर मिटला. एच.२६४ हे मानक २००३ चं, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हे २०१३ चं, एव्ही१ हे २०१८ चं. नवं तेवढं दाबण्यात सरस, यात वाद नाही. एव्ही१ मध्ये तर पडद्यावरच्या मजकुरासाठी खास सोयी आहेत: मोजके रंग असलेला भाग रंगांच्या यादीने लिहिणं, त्याच फ्रेममध्ये आधी येऊन गेलेलं अक्षर उचलून दुसरीकडे ठेवणं. स्प्रेडशीटसाठी जणू बेतलेलंच. पण जुन्या फोनच्या चिपला ते उलगडता येत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर, फोन तापतो, चित्र अडखळतं. ४२ एमबीच्या फाइलचे २५ एमबी करण्यासाठी कुणाचा फोन तापवायचा? एच.२६४ ठेवलं. प्रीसेट, म्हणजे एन्कोडरने किती सावकाश काम करायचं ते, 'स्लो', आणि ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरऐवजी प्रोसेसरवर चालणारा. कार्डाचा वेगवान असतो, पण त्याच दर्जाला फाइल मोठी देतो. घाई नव्हती, कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवला.

सकाळी यादी पाहिली. बहुतेक धडे ४० एमबीच्या आसपास. डॉलरचा ४२. ॲपने केलेला अस्पष्ट ४८०पीचा धडा १५० एमबीचा होता, हा लख्ख १०८०पीचा त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. मॅडमना दोन्ही शेजारी ठेवून दाखवले, तर त्या म्हणाल्या, "नावं उलटी टाकलीत तुम्ही."

तीन धडे मात्र १७५ एमबीचे निघाले. सेटिंग तेच, लांबी तीच. हेच ते कोपऱ्यात चेहरा असलेले. कॅमेऱ्याची चौकट पडद्याच्या फक्त सोळाव्या भागात होती, तरी फाइल चौपट. चेहरा हलतो म्हणून नव्हे, तेवढं हलणं फार नसतं. खोलीत उजेड कमी होता. कमी उजेडात वेबकॅम चित्र ओढूनताणून उजळतो आणि त्यात मुंगीसारखी खरखर उतरते. ती प्रत्येक फ्रेमला नवी. एन्कोडरच्या दृष्टीने तो सगळा 'बदल', एकही ठिपका मागचा नाही. पडद्यावरचं पंधरा आणे चित्र गप्प बसलेलं आणि एका कोपऱ्यातली मागची भिंत सगळे बिट खात होती.

त्या भागापुरता खरखर कमी करणारा फिल्टर लावला. निम्म्याने फरक पडला, पण चेहरा मेणाचा दिसू लागला. शेवटी सुचवलं की पहिलं एक मिनिट चेहरा राहू द्या, 'नमस्कार' होईपर्यंत. नंतर तो कोपरा साध्या रंगाने झाकू. तो भाग रेकॉर्डिंगमध्येच चिकटलेला होता, त्यामागचा पडदा परत मिळण्यासारखा नव्हता. मॅडम थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लोकांना समोर माणूस दिसायला हवा हो." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण १३० एमबी भिंतीच्या खरखरीवर जात होते, चेहऱ्यावर नाही. झाकलं. ते तीन धडे ५० एमबीच्या आत आले.

चाळीस धडे मिळून १.७ जीबी. ५६ वरून.

मधल्या शांत जागा कापायच्या का, असंही विचारलं गेलं होतं. आधीच्या ठरावीक बिटरेटवर एक मिनिट कापलं की ७५ एमबी वाचायचे. आता ते मिनिट फार तर दोन एमबीचं. आकारासाठी कापण्यात अर्थ उरला नाही. फाइल उघडायला वीस सेकंद लागली ती जागा कापली, पण ती बघणाऱ्याच्या वेळासाठी.

एक बारीकशी गोष्ट, जी आकाराशी संबंधित नाही पण लोकांना आकाराचीच तक्रार वाटते. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. ती मिळेपर्यंत काही प्लेअर सुरूच होत नाहीत, अख्खी फाइल उतरावी लागते. एफएफएमपेगमध्ये 'फास्टस्टार्ट' आणि हँडब्रेकमध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड' म्हटलं की ती पुढे आणली जाते. चित्राला धक्का लागत नाही.

जे सुटलं नाही ते म्हणजे लाल पेन. दोन धड्यांत मॅडमनी गडद पार्श्वभूमीवर बारीक लाल रेघेने आकडे लिहिले होते आणि ते पुसट येत होते. २३ चे १८ केले तरी पुसटच. मूळ फाइल पाहिली, तिच्यातही तेच. नेहमीच्या व्हिडिओत उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण साठवतात, रंगाचा मात्र आडवा निम्मा आणि उभा निम्मा. पांढऱ्यावर काळं अक्षर त्यामुळे बिघडत नाही. गडदवर लाल म्हणजे उजेडाचा फरक थोडा आणि भिस्त सगळी रंगावर, म्हणून रेघ पसरते. ही माहिती रेकॉर्ड होतानाच गेली होती. नंतर कितीही बिट ओतले तरी ती येत नाही.

मूळ ५६ जीबी मी पुसू दिले नाहीत. दाबलेलं पुन्हा दाबलं की प्रत्येक वेळी थोडं जातंच, आणि दोन वर्षांनी सगळे फोन एव्ही१ वाजवू लागले तर सुरुवात मूळ फाइलपासूनच करायला हवी. पुढच्या रेकॉर्डिंगसाठी ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये ठरावीक बिटरेट काढून सीआरएफ १८ ठेवला. तिथे हात सैल सोडायचा, पिळणं नंतर. फ्रेम्स ३०, माइक मोनो, फाइल एमपी४ ऐवजी एमकेव्ही प्रकारात, कारण मध्येच वीज गेली तर साधी एमपी४ फाइल उघडतच नाही. आणि स्प्रेडशीटचं झूम मोठं. एवढ्या एका गोष्टीने वाचणं जितकं सोपं झालं तितकं कुठल्याच सेटिंगने झालं नव्हतं, हे कबूल करतो.

लाल पेनाचे दोन धडे मॅडमनी पुन्हा रेकॉर्ड केले. पांढरं पान, जाड निळं पेन. फाइल्स माझ्याकडे आल्या तेव्हा पाहिलं तर कोपऱ्यात त्यांचा चेहरा, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. पण समोर दिवा ठेवलेला आणि मागे एकरंगी पडदा. खरखर नावालाही नाही. एन्कोड केल्यावर ५८ एमबी आणि ६१ एमबी झाले. मी काही बोललो नाही, तसेच यादीत टाकले.